पॉइंट टू-टूचा लॉट निवडताना

पॉइंट टू-टू (०.२२ इंच) रायफलच्या मॅचसाठी गोळी कोणती घ्यावी, हा प्रश्न रेंजवर जवळजवळ नेहमी ब्रँडच्या नावाने विचारला जातो. एली टेनेक्स, लापुआ, की आरडब्ल्यूएस आर-५०? उत्तरही ब्रँडच्याच नावाने मिळतं. पण एकाच ब्रँडच्या, एकाच प्रतीच्या दोन लॉटमध्ये, म्हणजे कारखान्यातल्या दोन घाण्यांमध्ये, जेवढा फरक निघतो, तेवढा कित्येकदा दोन ब्रँडमध्येही निघत नाही. म्हणून आम्ही मोसमाआधी लॉट निवडतो, आणि तो ज्या रायफलमधून मॅच मारायची त्याच रायफलमधून मारून निवडतो. ५० मीटर प्रोन (झोपून) आणि थ्री पोझिशन (गुडघ्यावर, झोपून, उभं राहून) यांच्यासाठी ही पद्धत आहे. १०० आणि २०० मीटरवर पॉइंट टू-टू मारणाऱ्यांसाठी त्यात काय बदलतं, तेही पुढे येईल.

सेंटरफायर (प्रायमर, म्हणजे ठोक्याने पेटणारा भाग, काडतुसाच्या तळाच्या मध्यावर असलेली गोळी) मारणारा आपली गोळी स्वतः भरू शकतो, बारूद किंचित कमी-जास्त करून बॅरलला जुळवू शकतो. पॉइंट टू-टू ही रिमफायर, तिच्यात ती सोय नाही. प्रायमरचं मिश्रण काडतुसाच्या कडेच्या पोकळीत बसवलेलं असतं, शिशाची ४० ग्रेनची, म्हणजे सुमारे २.६ ग्रॅमची गोळी कारखान्यातच दाबून बसवलेली असते आणि वरून मेणाचा किंवा ग्रीसचा थर दिलेला असतो. आपल्या हातात फक्त निवड उरते. बारूद, प्रायमर, शिसं आणि वंगण यांच्या एका घाण्यातून, एका यंत्रजोडणीवर जे निघतं तो लॉट. त्याचा क्रमांक प्रत्येक डबीवर छापलेला असतो. एलीच्या डबीवर त्या लॉटचा वेगही फूट प्रति सेकंदात दिलेला असतो.

प्रतींबद्दल एक गोष्ट लक्षात ठेवली तर पैसे वाचतात. लापुआच्या सेंटर-एक्स, मिडास प्लस आणि एक्स-ॲक्ट या गोळ्या एकाच लाइनीवर बनतात. कारखान्यातल्या चाचणीत लॉट कसा उतरला यावर त्याची प्रत ठरते. ती चाचणी कारखान्याच्या बॅरलमधून झालेली असते, तुमच्या नाही. त्यामुळे सेंटर-एक्सचा एखादा लॉट तुमच्या रायफलमधून एक्स-ॲक्टच्या दुसऱ्या लॉटपेक्षा सरस निघणं अगदी शक्य आहे, आणि असे लॉट निघतातही. महाग प्रतीत चांगला लॉट सापडण्याची शक्यता जास्त, एवढाच त्या किमतीचा अर्थ.

चांगला लॉट नेमकं किती देतो, याचा हिशेब एकदा कागदावर मांडून बघावा. आयएसएसएफ या आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघाच्या ५० मीटर टार्गेटवर दहाचं वर्तुळ १०.४ मि.मी. व्यासाचं असतं. गोळी ५.६ मि.मी.ची, आणि वर्तुळाला स्पर्श झाला तरी दहा. म्हणजे छिद्राचा मध्य केंद्रापासून ८ मि.मी.च्या आत असला की दहा मिळतो, आणि गुणाच्या दशांशाचा प्रत्येक टप्पा ०.८ मि.मी.चा पडतो. आता समजा नेमबाजाचा स्वतःचा विखुरलेपणा आडव्या-उभ्या दिशेने ४ मि.मी. प्रमाण विचलनाचा आहे आणि गोळीचा २ मि.मी.चा. हे दोन थेट बेरजेने जोडले जात नाहीत, वर्गांच्या बेरजेने जोडले जातात: १६ अधिक ४, त्याचं वर्गमूळ ४.४७. गोळीचा विखुरलेपणा ३ मि.मी. झाला तर एकूण ५. फरक अर्ध्या मिलिमीटरचा. पण सरासरी शॉट त्यामुळे केंद्रापासून आणखी ०.६६ मि.मी. लांब जातो, आणि ६० शॉटच्या प्रोनमध्ये त्याचे जवळजवळ पाच गुण होतात. पात्रता फेरीत पाच गुणांत केवढी नावं मावतात, ते कुठल्याही राष्ट्रीय स्पर्धेच्या निकालपत्रकात दिसतं.

याच हिशेबात दुसरी गोष्टही दडलेली आहे. हा अर्ध्या मिलिमीटरचा फरक प्रोनमध्ये झोपून मारलेल्या दहा शॉटच्या एका ग्रुपमध्ये दिसूच शकत नाही. नेमबाजाच्या विखुरलेपणात तो बुडून जातो. म्हणून स्लिंग (हाताला आधार देणारा पट्टा) लावून पाच-पाच शॉट मारून “हा लॉट बसला” असं ठरवणं आम्हाला मान्य नाही. चाचणी क्लॅम्पमध्येच, म्हणजे रायफल पक्की आवळून धरणाऱ्या चौकटीतच, व्हायला हवी. तिथे माणूस बाजूला होतो, आणि २ मि.मी.च्या लॉटचा दहा शॉटचा ग्रुप मध्यापासून मध्यापर्यंत सरासरी साडेसात मि.मी.च्या आसपास, तर ३ मि.मी.च्या लॉटचा अकरा-साडेअकराच्या आसपास येतो. हा फरक डोळ्यांना दिसतो.

क्लॅम्प मिळत नसेल तर पुढे घट्ट रेस्ट, मागे वाळूची पिशवी आणि टेबल. त्यासाठी टेलिस्कोप लावावा, डायॉप्टरने (बारीक छिद्रातून बघायच्या साइटने) मारू नये. बेंचवर निष्कर्षाला क्लॅम्पपेक्षा दुप्पट-तिप्पट गोळ्या लागतात, हे आधीच धरून चालावं.

चाचणीआधी रायफल तयार करण्यात जो आळस होतो त्याने अख्खी चाचणी वाया जाते. बॅरल स्वच्छ हवी, आणि त्यातही चेंबर (काडतूस बसतं तो भाग) संपून रायफलिंग (गोळीला फिरकी देणाऱ्या खाचा) सुरू होतं तिथला कार्बनचा कडक कडा निघालेला हवा. साध्या पॅचने तो निघत नाही. सॉल्व्हंट थोडा वेळ मुरू देऊन ब्राँझ ब्रशने काढावा लागतो. तो राहिला तर गोळी बसताना तिच्यावर दाब असमान पडतो आणि चांगल्या लॉटलाही अधूनमधून एक शॉट सुटलेला दिसतो. ॲक्शनचे (बोल्टच्या यंत्रणेचे) स्क्रू टॉर्क रेंचने, उत्पादकाने दिलेल्या मापावर आवळावेत. फायरिंग पिनची स्प्रिंग किती जुनी आहे ते बघावं. थकलेल्या स्प्रिंगचा ठोका मंद आणि असमान पडतो, प्रायमर प्रत्येक वेळी सारखा पेटत नाही, वेग वर-खाली होतो आणि ग्रुप उभा ताणला जातो. दोष मात्र लॉटवर ढकलला जातो. मारलेल्या दहा केस एका ओळीत लावून कडेवरचे ठसे भिंगातून बघितले की हे कळतं. ठसे सारख्या खोलीचे नसतील तर आधी स्प्रिंग बदला, मग चाचणी करा. बॅरलवर ट्यूनर (कंप जुळवायचं सरकतं वजन) किंवा साधं वजन असेल तर ते एका जागी पक्कं करून पूर्ण चाचणी संपेपर्यंत हात लावू नये.

स्वच्छ बॅरलमधून पहिल्या गोळ्या कुठेही जातात, म्हणून आधी २५–३० गोळ्या मारून बॅरल मेणावून घ्यावी. इथे वंगणाचा प्रश्न येतो. प्रत्येक कारखान्याचं वंगण वेगळं असतं, आणि एकाचं बॅरलमध्ये असताना दुसऱ्याची गोळी मारली तर सुरुवातीचे शॉट जुन्या थरावरून जातात. ते मोजले तर नव्या लॉटवर अन्याय होतो. म्हणून एका ब्रँडचे सगळे लॉट सलग मारावेत, मगच दुसरा ब्रँड घ्यावा, आणि ब्रँड बदलताना किमान २५ गोळ्या न मोजता खर्चाव्यात. एकाच ब्रँडमध्ये लॉट बदलताना दहा पुरतात.

पहिल्या फेरीत आठ ते दहा लॉट घेतो, प्रत्येकाची एक डबी. डबीत ५० गोळ्या: पहिल्या १० बॅरलला, उरलेल्या ४० चे दहा-दहाचे चार ग्रुप. चारही ग्रुप एकाच ऐमबिंदूवर एकमेकांवर ठेवून ४० शॉटचं एक चित्र तयार करतो. कागदावर दहा शॉटचं एकच भोक पडतं आणि आतलं काही कळत नाही. म्हणून इलेक्ट्रॉनिक टार्गेट असेल तर प्रत्येक शॉटचे आडवे-उभे अंक उतरवून घ्यावेत. सियसचं असो की मेयटॉनचं, ते अंक मिळतात. कागदच असेल तर प्रत्येक शॉट वेगळ्या बुलवर (काळ्या लक्ष्यावर) मारावा. कष्ट जास्त, पण माहिती खरी.

आता मोजायचं काय? बहुतेक जण ग्रुपचा सर्वांत मोठा पल्ला मोजतात, म्हणजे दोन टोकांच्या शॉटमधलं अंतर. हे माप सोपं आहे, पण दहांतल्या आठ शॉटची माहिती ते फेकून देतं. शिवाय शॉट किती यावर ते अवलंबून असतं: त्याच लॉटचा पाच शॉटचा ग्रुप दहाच्या ग्रुपच्या सरासरी ८० टक्के भरतो. म्हणून कुणी पाचचा ग्रुप दाखवून लॉट विकत असेल तर तो आकडा मनात आधी वाढवून घ्यावा. पाचच्या ग्रुपमध्ये योगायोगाचा वाटाही मोठा. एकाच लॉटचा एक ग्रुप ८ मि.मी. आणि पुढचा १३ मि.मी. येणं यात गैर काही नाही. आम्ही तीन गोष्टी बघतो. पहिली, ४० शॉटची ग्रुपच्या मध्यापासूनची सरासरी त्रिज्या. दुसरी, उभ्या दिशेचं प्रमाण विचलन वेगळं आणि आडवं वेगळं. तिसरी, सुटलेले शॉट: ४० पैकी किती शॉट ग्रुपच्या मध्यापासून ८ मि.मी.च्या बाहेर गेले? क्लॅम्पमधून एकही जाता कामा नये. क्लॅम्पमध्ये बाहेर जाणारा शॉट मॅचमध्ये तुमच्या चुकीवर आणखी भर घालणार.

दोन लॉटची सरासरी जवळपास सारखी असेल, आणि एकाचे बहुतेक शॉट अगदी घट्ट पण मधूनच एक खाली सुटलेला, तर दुसरा थोडा पसरट पण एकही सुटलेला नाही, तर आम्ही दुसरा घेतो. खाली सुटणारा शॉट बहुधा कमी वेगाचा असतो. तो कधी येईल ते सांगता येत नाही, आणि आला की नेमबाज स्वतःच्या श्वासात, खांद्यात, ट्रिगरमध्ये चूक शोधत बसतो. पुढचे चार शॉट त्या शोधात जातात.

पहिल्या फेरीतून दोन-तीन लॉट निवडून दुसऱ्या दिवशी प्रत्येकाच्या १०० गोळ्या मारायच्या, आणि त्या आलटून-पालटून: क, ख, ग, मग ग, ख, क. सकाळी एक आणि दुपारी दुसरा मारला तर तापमान, उजेड आणि बॅरलची अवस्था यांचा फरक लॉटच्या खात्यात जमा होतो. पहिल्या फेरीत पहिला आलेला लॉट दुसऱ्या फेरीत मागे पडतो, असं वारंवार होतं. दहा लॉटमधला पहिला हा चांगला असतो आणि थोडा नशीबवानही. दुसरी फेरी ते नशीब काढून टाकते. ती गाळून खरेदी करू नये, असं आमचं ठाम मत आहे.

बंदिस्त टनेल (वारा न लागणारी आच्छादित रेंज) नसेल तर वाऱ्याचा हिशेब ठेवावा लागतो. ५० मीटरवर बरोबर आडवा १ मीटर प्रति सेकंदाचा वारा ही गोळी ६–७ मि.मी. ढकलतो, म्हणजे जवळजवळ एका रिंगेइतका. हा वारा गालाला जेमतेम जाणवतो. म्हणून पहाटेची शांत वेळ साधावी, आणि तरीही निर्णय मुख्यतः उभ्या पसाऱ्यावर घ्यावा, कारण तो वाऱ्याने कमी बिघडतो. अगदीच बिघडत नाही असं नाही. उजव्या फिरकीच्या बॅरलमधून उजवीकडचा वारा शॉटला डावीकडे आणि थोडा वर, दहा वाजण्याच्या दिशेला नेतो. डावीकडचा वारा उजवीकडे आणि खाली, चारच्या दिशेला. ग्रुप दहा-चारच्या तिरक्या रेषेत लांबट दिसला तर लॉट बाद करू नका, वारा बघा. सरळ उभा लांबट दिसला तर गोळीचा वेग किंवा ठोका संशयित.

वेग मोजायला क्रोनोग्राफ हवाच. मॅच गोळी साधारण ३२०–३३० मीटर प्रति सेकंदाने निघते, ध्वनीच्या खाली. २० अंश सेल्सिअसला ध्वनीचा वेग ३४३ असतो. ‘हाय व्हेलॉसिटी’ लिहिलेल्या गोळ्या लांबच्या पल्ल्याला बऱ्या पडतील, असं नवख्यांना वाटतं. प्रत्यक्षात त्या ध्वनीच्या वर निघतात, वाटेत त्याच्या खाली येतात, आणि त्या पट्ट्यात हवेचा विरोध इतका जास्त असतो की त्या मॅच गोळीपेक्षा वाऱ्यात जास्त वाहतात. वेगवान गोळी वाऱ्याला जास्त बळी पडते, हे आधी पटत नाही, पण वाहणं ठरतं ते गोळीने वाटेत गमावलेल्या वेळेवरून, तिच्या आरंभीच्या वेगावरून नाही.

लॉटच्या दहा-वीस गोळ्यांच्या वेगातला सर्वांत मोठा फरक १० मीटर प्रति सेकंदाच्या आत असेल तर तो चांगला लॉट. हा १० चा फरक ५० मीटरवर सुमारे ७–८ मि.मी. उभा पसारा देतो, १०० मीटरवर सुमारे ३ सेंटिमीटर, आणि २०० मीटरवर १३–१४ सेंटिमीटर. अंतर चौपट झालं की पसारा चौपट नव्हे, सोळा पटीच्या आसपास जातो. म्हणून ५० मीटरवरचा विजेता लॉट २०० मीटरवर नेऊन निराश होणारे पुष्कळ. ५० मीटरवर आणखी एक गोष्ट मदतीला असते: गोळी सुटताना बॅरल कंप पावत वर जात असेल, तर मंद गोळी उशिरा निघते आणि थोड्या वरच्या कोनात निघते, आणि वेगाची तूट भरून येते. ट्यूनर पुढे-मागे करून हे जुळवता येतं, पण ते एका अंतरापुरतंच जुळतं. लांब मारणाऱ्याने लॉट त्याच अंतरावर तपासावा, आणि तिथे वेगाच्या आकड्याला ग्रुपपेक्षा वरचं स्थान द्यावं. लापुआची सुपर लाँग रेंज आणि एसकेची लाँग रेंज मॅच या गोळ्या याच कामासाठी आहेत. त्यातही लॉट निवडावाच लागतो. ५० मीटरवाल्याने मात्र उलट करावं. क्रोनोग्राफवर दुसरा आलेला लॉट टार्गेटवर पहिला येत असेल, तर टार्गेटचं ऐकावं.

काही जण मॅच गोळ्या तोलून किंवा कडेची जाडी मोजून वेगळ्या करतात. सरावाच्या स्वस्त गोळ्यांत त्याने थोडं हाती लागतं. टेनेक्स किंवा मिडासमध्ये त्या संध्याकाळी स्लिंगवर घालवल्या तर जास्त उपयोग. वजनातला बहुतेक फरक पितळाच्या केसचा असतो, आणि तो टार्गेटवर दिसत नाही.

आपल्याकडे या सगळ्याला परवान्याची चौकट आहे. चाचणीत गेलेल्या गोळ्याही मंजूर संख्येत मोजल्या जातात, आयात संघटनेच्या शिफारशीने आणि वेळ घेत होते, आणि दहा वेगळ्या लॉटच्या डब्या एकदम समोर मांडून देणारा विक्रेता मिळणं अवघड. २०१० साली म्युनिकला तेजस्विनी सावंतने ५० मीटर प्रोनचं जगज्जेतेपद घेतलं, २०२४ ला पॅरिसमध्ये स्वप्निल कुसाळेने थ्री पोझिशनचं कांस्य घेतलं. कोल्हापूर-पुण्यात ५० मीटरकडे वळणारी मुलं वाढली, गोळ्यांची उपलब्धता त्या मानाने वाढलेली नाही. म्हणून व्यवहारी मार्ग असा: एका बॅचमधली चार-पाच मुलं मिळून गोळ्या मागवणार असतील तर आधी आलेल्या मालातले लॉट क्रमांक विचारून घ्यावेत, प्रत्येकाने आपल्या नावाने वेगळ्या लॉटची थोडी खरेदी करावी, रेंजवर एकत्र चाचणी करावी, आणि विक्रेत्याकडून निकालापर्यंत लॉट राखून ठेवण्याचं आधीच कबूल करून घ्यावं. एकाच्या रायफलमध्ये मागे पडलेला लॉट दुसऱ्याच्या बॅरलला बसतो, त्यामुळे फारसं वाया जात नाही. युरोपात स्पर्धेला जाणाऱ्याने लापुआच्या शोनेबेकच्या किंवा एलीच्या बर्मिंगहॅमच्या टनेलमध्ये वेळ मिळवायचा प्रयत्न जरूर करावा. तिथे एका बैठकीत पुष्कळ लॉट क्लॅम्पमधून निघतात आणि पसंत पडलेला तिथेच राखता येतो.

लॉट ठरला की मोसमाच्या मॅच आणि मॅचआधीचा सराव यांना पुरेल एवढा एकदम घ्यावा. उरलेला सराव स्वस्त गोळीवर चालतो, शक्यतो त्याच कारखान्याच्या, म्हणजे वंगण बदलत नाही. माल ताब्यात घेताना ५०० च्या पाकिटावरचाच नव्हे, आतल्या डब्यांवरचाही क्रमांक बघावा. मिसळलेली पाकिटं येतात.

साठवण कोरड्या जागी, १५ ते २५ अंशांत. मे महिन्यात बंद गाडीत ठेवलेल्या डबीतलं वंगण वितळून एका बाजूला उतरतं, आणि तो लॉट पुढे कधीच पहिल्यासारखा मारत नाही. एसीच्या खोलीतून दमट रेंजवर आणलेली डबी लगेच उघडली तर गोळ्यांवर दव धरतं. थोडा वेळ बंदच राहू द्यावी. गोळ्या मॅटवर कधीही ओतू नयेत. मेणाला चिकटलेला धुळीचा कण बॅरलमधून जातो. मॅच चेंबरमध्ये बोल्ट बंद झाला की गोळी रायफलिंगमध्ये रुतते, म्हणून न मारलेलं काडतूस ओढून काढू नये: शिसं आत राहतं आणि बारूद ॲक्शनमध्ये सांडतं. वारा थांबायची वाट बघत गरम चेंबरमध्ये गोळी ताटकळत ठेवली तर ती वर लागते. थांबायचंच असेल तर भरण्याआधी थांबावं. क्लिक झालं आणि गोळी सुटली नाही तर नळी टार्गेटकडेच ठेवून अर्धा मिनिट थांबायचं, रेंज ऑफिसरला सांगायचं, मगच बोल्ट उघडायचा.

दिल्लीत डिसेंबरच्या सकाळी हाच लॉट पुण्याच्या बालेवाडी रेंजपेक्षा थोडा मंद निघतो आणि खाली लागतो. घरचे क्लिक (साइटची जुळवणी) तिथे चालतील असं धरू नये. सायटिंगचे (मॅचआधी साइट जुळवायचे) पहिले दहा शॉट फक्त उंचीसाठी द्यावेत. विमानाने जाताना माणशी ५ किलोपर्यंत गोळ्या, चेक-इन सामानात, पक्क्या बंद पेटीत आणि एअरलाइनला आधी कळवून नेता येतात. ५० ची डबी साधारण १८० ग्रॅम भरते, म्हणजे पेटीचं वजन धरून हजार-बाराशे गोळ्या. दोन दिवसांचा सराव आणि मॅच याला चारशे पुरतात. त्याच लॉटच्या दोन डब्या सोबतच्या खेळाडूच्या पेटीत वेगळ्या ठेवाव्यात, तिच्या किंवा त्याच्या परवान्यावर चालत असेल तर, नाहीतर सगळ्या आपल्याच पेटीत, परवान्याच्या प्रतीसकट.